राउटर दोन, कारभारी एक

फायबरची तार हॉलमध्ये येते. कंपनीचा माणूस टीव्हीशेजारी डबा बसवून जातो आणि हॉलमध्ये सगळं झकास चालतं. आतल्या खोलीत मात्र व्हिडिओ कॉल सुरू झाला की चेहरे गोठतात. कोकणातलं जांभ्याच्या जाड भिंतींचं घर असो की शहरातली आरसीसीची इमारत, भिंतींपुढे वाय-फायचं फारसं चालत नाही. मग कपाटात पडलेला जुना राउटर आठवतो. तो आतल्या खोलीत ठेवायचा, हॉलमधून एक केबल ओढून त्यात खोचायची, की झालं काम!

होतं मात्र भलतंच. फोनवर वाय-फायच्या सगळ्या कांड्या दिसतात, पण इंटरनेट नाही. सकाळी चालतं, संध्याकाळी बंद पडतं. कधी इंटरनेट व्यवस्थित असतं, पण हॉलमधला प्रिंटर लॅपटॉपला सापडत नाही. राउटर बिघडला असं समजून लोक नवा आणतात, आणि तोही तसाच वागतो. खरं तर बिघडलेलं काहीच नसतं. दोन्ही राउटर आपापलं काम चोख करत असतात, आणि अडचण नेमकी तीच असते.

एका डब्यात चार कामं

आपण ज्याला राउटर म्हणतो, तो डबा चार कामं करतो. वाय-फायच्या लहरी सोडतो. मागच्या लॅन पोर्टांत जोडलेली यंत्रं एकमेकांशी बोलती करतो. घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, वाटतो; या कामाला डीएचसीपी म्हणतात. आणि घर व बाहेरचं जग यांच्या सीमेवर उभा राहून आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलतो, हे नॅट. पहिली दोन कामं एका घरात कितीही डब्यांनी केली तरी बिघडत नाही. उरलेल्या दोन कामांना कारभारी एकच हवा. कारखान्यातून येणारा राउटर मात्र सहसा चारही कामं चालू ठेवूनच येतो. घरात आपल्याखेरीज आणखी कुणी असेल, हे त्याच्या गणितातच नसतं.

घरोघरी १९२.१६८

याचं मूळ पत्त्यांच्या टंचाईत आहे. इंटरनेटचा जुना आणि अजूनही सर्वाधिक ओळखीचा पत्ता ३२ बिटांचा. त्यातून जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. हे पुरणार नाहीत, हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच लक्षात आलं होतं. मे १९९४मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी नॅटची कल्पना मांडली: आत हवे तेवढे पत्ते वापरा, बाहेर जाताना ते बदलून घ्या. फेब्रुवारी १९९६मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांनी खासगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले. एक १० ने सुरू होणारा, दुसरा १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंत आणि तिसरा १९२.१६८ चा. या तिसऱ्या पट्ट्यात ६५,५३६ पत्ते येतात आणि बहुतेक घरगुती राउटर त्यातलेच वापरतात.

प्रत्येक सोसायटीत १०१ नंबरचा फ्लॅट असतो, तरी टपालाचा घोटाळा होत नाही, कारण सोसायट्या वेगळ्या असतात. १९२.१६८.१.१ हा पत्ताही असाच असंख्य घरांत सुखाने नांदतो. दोन राउटर एकाच घरात आणले की दोन १०१ एकाच जिन्यावर येतात.

तिढा कुठे पडतो

पहिला प्रकार पत्ते वाटण्याचा. समजा, दोन्ही राउटर लॅन पोर्टातून जोडले आणि दोघांचंही वाटप चालू आहे. नवा फोन जाळ्यात शिरला की तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो: मला कुणी पत्ता देईल का? दोन्ही राउटर उत्तर देतात आणि फोन सहसा आधी आलेलं उत्तर घेतो. पत्त्याबरोबरच 'बाहेर जायचं दार कोणतं' हेही सांगितलं जातं. दुसरा राउटर अर्थातच स्वतःला दार म्हणवतो. त्याच्या मागे इंटरनेट नाही, पण फोनला ते कसं कळणार? हॉलमध्ये, पहिल्या राउटरच्या शेजारी बसलेल्या फोनलाही असा चुकीचा पत्ता मिळू शकतो, कारण जाळं आता एकच झालेलं असतं. 'सकाळी चालतं, संध्याकाळी नाही' याचं गूढ इथे उलगडतं. उत्तर आधी कुणाचं आलं, त्यावर सगळा खेळ.

दुसरा प्रकार दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून येणारी इंटरनेटची तार घ्यायच्या खाचेत, केबल खोचल्यावर दिसतो. आता एका जाळ्याच्या पोटात दुसरं जाळं तयार होतं. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर दुसऱ्याला पहिल्यापर्यंत पोचताच येत नाही. तो पत्ता त्याचा स्वतःचाच असतो. काही नवे राउटर हे ओळखून आपला पत्ता आपणच बदलतात. तसं झालं की इंटरनेट सुरू होतं, पण नॅट दोनदा होतं. वेबसाइट आणि व्हिडिओ बिनघोर चालतात. बाहेरून आत येणारी जोडणी अडते, मग ती ऑनलाइन गेमची असो की घरच्या कॅमेऱ्याची. शिवाय प्रिंटर किंवा टीव्ही शोधण्याची हाक राउटरची सीमा ओलांडत नाही, म्हणून आतल्या खोलीतल्या लॅपटॉपला हॉलमधला प्रिंटर दिसत नाही.

तिसरा प्रकार हौशी मंडळींचा. वेग दुप्पट होईल म्हणून दोन राउटरांमध्ये दोन केबली टाकायच्या. सगळ्यांसाठी दिलेली हाक मग एका केबलने जाते, दुसरीने परत येते आणि फिरतच राहते, कारण अशा हाकेला आयुर्मर्यादा नसते. काही सेकंदांत सगळं जाळं ठप्प. यावरचा तोडगा रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला होता. जाळ्यातली यंत्रं आपापसांत बोलून जादा वाट तात्पुरती बंद ठेवतात. अनेक घरगुती राउटरांत मात्र ही सोय नसते, तेव्हा केबल एकच बरी.

कारभार एकाकडे सोपवा

मुख्य राउटर बहुधा कंपनीचा डबाच असतो. त्याला हात लावायची गरज फारशी पडत नाही. बदल दुसऱ्यात करायचे. दुसऱ्याचं रीसेट बटण टाचणीने दहाएक सेकंद दाबून धरा आणि तो एकट्या लॅपटॉपला केबलने जोडा. सेटिंगच्या पानावर 'ॲक्सेस पॉइंट मोड' दिसला, तर तो निवडा. सीमेचं आणि वाटपाचं काम तो आपसूक सोडून देतो.

तो पर्याय नसेल तर हेच हाताने करायचं. आधी त्याचा लॅनचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या. पान लगेच अडकेल, घाबरू नका. पत्ता बदलला म्हणून तसं होतं. नव्या पत्त्यावर जाऊन पुन्हा आत शिरा आणि डीएचसीपी बंद करा. शेवटी मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून केबल आणून याच्याही लॅन पोर्टात खोचा. वॅन पोर्ट रिकामं राहू द्या. एक खबरदारी: मुख्य राउटर २ पासूनच पत्ते वाटत असेल, तर हा २ एखाद्या दिवशी कुणाच्या तरी फोनला जाईल. म्हणून त्याचं वाटप १०० पासून सुरू करा.

जमलं की नाही, हे फोनवरच कळतं. दोन्ही खोल्यांत वाय-फायचा तपशील उघडून 'गेटवे', म्हणजे बाहेर जायचं दार, पाहा. दोन्हीकडे तोच आकडा हवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर यंत्राला कुणीच पत्ता दिलेला नाही.

उरतात लहरी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेलांमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ, पण एक वाय-फाय साधारण २० मेगाहर्ट्झ व्यापतं. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. एक राउटर १ वर आणि दुसरा ६ किंवा ११ वर ठेवा. दोघांचं नाव आणि पासवर्ड सारखे ठेवले, तर फोन खोली बदलताना आपोआप राउटर बदलतो. कधी बदलायचा हे मात्र फोनच ठरवतो, आणि तो अनेकदा जुन्यालाच चिकटून राहतो.

कंपनीचं नॅट आणि पाहुण्यांचं वाय-फाय

हे सगळं करूनही कॅमेरा बाहेरून दिसत नसेल, तर मुख्य राउटरच्या पानावर त्याचा वॅनचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर एक नॅट कंपनीकडेही आहे. पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि एप्रिल २०१२ मध्ये हा पट्टा खास कंपन्यांसाठी राखला गेला. घरात कितीही खटपट केली, तरी त्यावर इलाज नाही. कंपनीकडूनच सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा लागतो.

दोन जाळी मुद्दाम वेगळी ठेवावीत, अशीही वेळ येते. घरात भाडेकरू असतील किंवा स्वस्तातले कॅमेरे असतील, तर दुहेरी नॅट उपयोगीच पडतं. पत्त्यांचे पट्टे तेवढे वेगळे हवेत. सहसा सुचतं ते असं, की जुना, आतला राउटर पाहुण्यांना द्यावा. पण आतल्या जाळ्यातून बाहेरच्या जाळ्यात जाता येतं, बाहेरून आत शिरता येत नाही. म्हणजे या व्यवस्थेत आपलेच संगणक पाहुण्यांना उघडे पडतात. पाहुणे हॉलमधल्या राउटरवर ठेवावेत, आणि आतला दुसरा राउटर स्वतःसाठी घ्यावा.