विश्लेषण : तेलासाठी दलदल खणली, तर किती कार्बन हवेत जातो? हा हिशेब लावतात कसा?

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात तेलमिश्रित वाळूच्या खुल्या खाणी आहेत. या वाळूपर्यंत पोहोचण्यासाठी वरचे जंगल आणि दलदल खरवडून काढावी लागते. २०१२मध्ये ‘पीएनएएस’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासानुसार, तोवर मंजूर झालेल्या खाणींमुळे २९,५०० हेक्टरहून अधिक पीटभूमी नष्ट होऊन त्यात साठलेला १.१४ कोटी ते ४.७३ कोटी टन कार्बन बाहेर पडेल. जमीन तीच, मग अंदाजात चौपट फरक का?

पीट म्हणजे काय?

पाणथळ जागेतील शेवाळ आणि इतर वनस्पती मेल्यावर पाण्याखाली पुरेसा प्राणवायू नसल्याने पूर्ण कुजत नाहीत. त्यांचे थरावर थर साचतात, तेच पीट. तेलात बुडालेले लोणचे टिकते, तसे हे पाण्यात टिकते. एक मीटर थर साचायला हजार वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ लागू शकतो.

खाणीमुळे काय होते?

चर खणून पाणी काढले की आत हवा शिरते. सूक्ष्मजीव पीट कुजवू लागतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. उपसून ढिगारे लावलेल्या पीटचेही तेच होते.

गणित कसे करतात?

क्षेत्रफळ, खोली, घनता आणि कार्बनचे प्रमाण यांचा गुणाकार करायचा. समजा, एक हेक्टरवर दोन मीटर पीट आहे. म्हणजे २० हजार घनमीटर. एका घनमीटरमध्ये १०० किलो कोरडे पीट धरले, तर २ हजार टन. त्यातला निम्मा, म्हणजे १ हजार टन कार्बन. तो सगळा हवेत गेला, तर सुमारे ३,६७० टन कार्बन डायऑक्साइड होतो.

मग अंदाज बदलतो कुठे?

क्षेत्रफळ उपग्रहावरून कळते, खोली मात्र सहज कळत नाही. ती जागोजागी सळई खुपसून मोजावी लागते. थर एक मीटरचा की तीन मीटरचा, यावर उत्तर तिप्पट होते. शिवाय उपसलेल्यापैकी किती पीट किती वर्षांत कुजेल, हेही गृहीत धरावे लागते.

भरपाई होते का?

याच अभ्यासानुसार, खाणी बुजवल्यावर तेथे पीटऐवजी कोरड्या जमिनीवरचे जंगल आणि सांडपाण्याचे तलाव येणार आहेत. त्यामुळे दरवर्षी सुमारे ५,७०० ते ७,२०० टन कार्बन शोषण्याची क्षमताही जाईल. झाडे काही दशकांत वाढतात, पण पीटला हजारो वर्षे लागतात. म्हणूनच तेलाच्या उत्सर्जनाच्या हिशेबात हे नुकसानही धरावे, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

थोडक्यात, मोजमाप खणण्याआधीच व्हायला हवे. नंतर मोजायला तिथे पीटच उरत नाही.