पाळीव कॉर्न स्नेकच्या पिलांमधील अस्वस्थ वर्तन : एक आकलन

प्रास्ताविक

पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये कॉर्न स्नेक हा अमेरिका व युरोपात सर्वाधिक पसंतीच्या सापांपैकी एक मानला जातो. बिनविषारी, मध्यम आकाराचा आणि स्वभावाने शांत अशी त्याची ख्याती आहे. त्यामुळे जेमतेम वीतभर लांबीचे पिलू घरी आणणाऱ्या व्यक्तीस जेव्हा ते शेपटी थरथरवते, अंगावर झेपावते किंवा आठवडाभर अन्नास तोंड लावत नाही, तेव्हा आपल्या वाट्यास रागीट पिलू आले, असा तिचा समज होतो. हा समज केवळ चुकीचा नव्हे, तर पिलाच्या जिवावर बेतणारा ठरू शकतो. कारण रागीट समजून वारंवार हाताळले गेलेले पिलू खाणे अधिकच टाळते आणि या वयात दीर्घ उपास त्यास सोसत नाही.

नैसर्गिक पार्श्वभूमी

लिनियसने १७६६ मध्ये वर्णन केलेला हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातील, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंतच्या प्रदेशातील रहिवासी होय. पूर्वी त्याची गणना इलॅफी या प्रजातीत होत असे. २००२ मधील फेरमांडणीनंतर तो पँथेरोफिस गटॅटस या नावाने ओळखला जातो. आपल्याकडील तस्कर हा सापही एके काळी याच इलॅफी प्रजातीत गणला जात होता. डिवचल्यावर मानेची इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वेटोळी करून झेपावणारा तस्कर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कॉर्न स्नेकच्या पिलाचा आविर्भाव नवा वाटणार नाही.

मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीस साधारणतः दहा ते तीस अंडी घालते व निघून जाते. सुमारे दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिले वीस ते तीस सेंटिमीटर लांबीची असतात. त्यांना मातेचे संरक्षण नाही, विष नाही आणि आवळण्याची ताकदही नगण्य. पक्षी, सस्तन प्राणी व इतर साप हे सारेच त्यांचे भक्षक. अशा जीवाने प्रत्येक मोठ्या हालचालीस मृत्यूची चाहूल समजावे, हेच स्वाभाविक आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या पिलातही ही प्रवृत्ती उपजतच असते. पाळणाऱ्याच्या सद्भावनेची त्यास कल्पना असण्याचे कारण नाही.

लक्षणे व त्यांचा अर्थ

सर्वप्रथम पिलू पळते किंवा लपते. तो मार्ग बंद झाल्यास शेपटी थरथरवते, मान आक्रसून झेपावते आणि उचलल्यास अवस्कराजवळील ग्रंथींतून उग्र दर्पाचा स्राव सोडते. चावा हा बहुधा अखेरचा उपाय असतो व तो त्वचेवर ओरखड्यापलीकडे क्वचितच जातो. शेपटीची थरथर विशेष लक्षणीय आहे. वाळक्या पाचोळ्यात तिचा आवाज विषारी रॅटलस्नेकच्या खुळखुळ्यासारखा भासतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रॅटलस्नेकशी ज्या जातींचे नाते जवळचे त्यांची थरथर अधिक वेगवान व अधिक काळ टिकणारी असल्याचे आढळले. खुळखुळा ज्या सवयीतून उत्क्रांत झाला असावा, तिचेच अवशेष या निरुपद्रवी पिलात दिसतात, असे म्हणता येईल.

याउलट एक लक्षण सहसा नजरेतून निसटते. हातात घेतलेले पिलू निश्चल, ताठर राहिले की ते 'माणसाळले' असे मानले जाते. वस्तुतः ही निश्चलता पुष्कळदा भीतीचीच असते. निवांत पिलू संथपणे सरकते व जीभ लयीत आतबाहेर करीत परिसराचा गंध घेते. जीभच दिसेनाशी झाली, तर शांततेचा दावा करण्यापूर्वी थांबणे इष्ट.

अस्वस्थता वाढविणारे घटक

पिलाच्या भीतीस पाळणाऱ्याची मांडणीच बहुतेकदा खतपाणी घालते. उघडी, प्रशस्त काचेची पेटी पाहणाऱ्यास सुखावते. दडण्यास जागा नसलेल्या पिलास मात्र ती उजाड माळासारखी असते. येथे आकाराला दोष देणे योग्य नाही, उणीव आडोशाची असते. पेटीच्या उबदार टोकास सुमारे २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि थंड टोकास २२ ते २४ अंश तापमान राखून, दोन्हीकडे अंगाला घट्ट बसेल अशी लपण्याची जागा दिली पाहिजे. आडोसा एकाच टोकास असेल, तर पिलास ऊब आणि सुरक्षितता यांतून एकाचीच निवड करावी लागते. सापास बाह्यकर्ण नसला तरी कंपने त्यास उत्तम जाणवतात; म्हणून दूरचित्रवाणी संचाच्या शेजारी ठेवलेली पेटी कधीच निवांत नसते. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ, निळसर होतात. या काळात दृष्टी मंदावल्याने एरवी शांत असलेले पिलूही फूत्कारते.

हाताळणीची रीत

नवीन पिलास किमान आठवडाभर, आणि खाऊ लागेपर्यंत, हात लावू नये. खाल्ल्यानंतर दोन दिवस उचलल्यास भक्ष्य ओकले जाण्याचा धोका असतो, आणि लहान पिलास ही गोष्ट उपासापेक्षाही महाग पडते. हात वरून नेणे टाळावे, कारण शिकारी पक्षी वरूनच येतो. बाजूने, खालून अलगद आधार द्यावा. सुरुवातीस काही मिनिटे पुरेत. पिलू झेपावताच घाईने परत ठेवल्यास झेपावण्याचा उपयोग होतो, एवढेच ते शिकते. ते सैलावेपर्यंत हात स्थिर ठेवून मग परत ठेवणे श्रेयस्कर. पिले शिकतात याविषयी शंका नसावी : १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॉर्न स्नेकच्या पिलांनी रिंगणातील सुटकेच्या छिद्राची जागा अवघ्या काही दिवसांत लक्षात ठेवल्याचे दिसून आले. अन्न नाकारणाऱ्या पिलाबाबत प्रथम तापमान तपासावे, मग आडोसा. जंगलात या वयाची पिले प्रामुख्याने लहान सरडे व बेडूक खातात. त्यामुळे उंदराचे पिलू हे अन्न आहे, हेच काहींना आरंभी उमगत नाही. त्यास सरड्याचा गंध लावून देण्याची युक्ती पाळणारे योजतात. हा हट्ट नव्हे, ही अनोळख आहे.

नाग, धामण यांसारखे देशी साप पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. तथापि सर्पमित्रांच्या हाती येणाऱ्या धामणीच्या वा तस्कराच्या पिलाचे झेपावणे समजून घेण्यास वरील विवेचन तितकेच लागू पडते. तेथे हाताळणीची सवय लावणे हा हेतूच नसतो. पिलू जितक्या लवकर व जितक्या कमी हातांतून मूळ अधिवासात परत जाईल, तितके बरे.