गोल बिटाला समांतर काय, तिरके काय

राउटर टेबल विकत घ्यायचे ठरो किंवा घरीच करायचे ठरो, खरी घासाघीस होते ती फेन्सवरून. राउटर उलटा करून टेबलाखाली टांगला की त्याचे बिट टेबलाच्या भोकातून वर येते. फळी त्या बिटावरून सरळ सरकवायची तर तिला टेकायला एक उभी, सरळ कड हवी. ती कड म्हणजे फेन्स. बाजारात अ‍ॅल्युमिनियमच्या फेन्स मिळतात, मापपट्टी छापलेल्या, स्क्रू फिरवला की केसभर पुढेमागे होणाऱ्या. चांगल्यापैकी फेन्सची किंमत विचारली तर खालच्या राउटरचीच किंमत सांगितली की काय असे वाटते. हौशी सुतारकाम करणाऱ्याच्या, आणि दोन-चार माणसांच्या वर्कशॉपच्याही, बहुतेक कामाला यातले काही लागत नाही, असे माझे मत आहे. प्लायचे दोन थर चिकटवून केलेली आणि दोन सी-क्लॅम्पनी टेबलाला आवळलेली फेन्स पुरते. डोके आणि पैसा खर्च करायचा तो तिच्या सरळपणावर, काटकोनावर, ताठपणावर आणि भुसा बाहेर काढण्याच्या सोयीवर. मापपट्टीचा नंबर त्यानंतर.

महागड्या फेन्सचा निम्मा आब टेबल सॉकडून उसना आलेला आहे. टेबल सॉचे पाते ही एक सपाट चकती असते. तिचे पुढचे दात लाकडात शिरतात आणि मागचे दात त्याच फटीतून वर येतात. फेन्स पात्याला समांतर नसेल आणि मागच्या बाजूला थोडी जरी आत झुकली, तर लाकूड पाते आणि फेन्स यांच्यामध्ये दाबले जाते, कड करपते आणि वेळ वाईट असेल तर फळी उसळून माणसाच्या अंगावर येते. म्हणून तिथे समांतरता हा जिवाचा प्रश्न आहे. राउटरचे बिट मात्र गोल फिरते आणि त्याला पुढची-मागची बाजू नसते. त्याच्या मध्यापासून फेन्सपर्यंतचे लंब अंतर हा एकच आकडा खाच किती आत जाणार ते ठरवतो, मग फेन्स टेबलाच्या कडेला समांतर असो की चांगली वीस अंशांनी तिरकी. कागदावर एक वर्तुळ काढा, त्याच्याजवळून पट्टी वेगवेगळ्या कोनांत फिरवा आणि मध्यापासूनचे अंतर तेवढे कायम ठेवा. कापाची खोली दरवेळी तीच येते. दोन्ही टोके एकाच आकड्यावर आणून बसवणारी यंत्रणा इथे नसलेल्या दुखण्यावरचे औषध आहे.

एवढेच नाही, तिरकेपणाचा फायदाही घेता येतो. फेन्सचे एक टोक एकाच बोल्टने टेबलाला धरून ठेवा आणि दुसरे मोकळे सोडा, म्हणजे ती दाराच्या फळीसारखी फिरते. बिट दोन टोकांच्या बरोबर मध्यावर असेल, तर मोकळे टोक १ मिमी सरकवल्यावर बिटापाशी फरक पडतो अर्धा मिमीचा. हाताची चूक आपोआप निम्मी होते. याहून बारीक जायचे असेल तर मोकळ्या टोकाच्या मागे लाकडाचा एक ठोकळा क्लॅम्पने पक्का करावा आणि ठोकळा व फेन्स यांच्या मध्ये झेरॉक्सच्या कागदाचे चार तुकडे ठेवून फेन्स आवळावी. असा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो. टाकाऊ तुकड्यावर काप घेऊन पाहावा. कमी भरला तर एक कागद काढून फेन्स मागे टेकवावी, काप ०.०५ मिमीने खोल होतो. लाकूड एका पावसाळ्यात याच्या कितीतरी पट फुगते, तेव्हा याहून बारीक मापाची हाव सुतारकामात कामाची नाही.

यावर कुणी म्हणेल, की बारीक माप जमले तरी तेच माप पुन्हा कसे येणार? हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेतल्या इन्क्रा कंपनीची फेन्स याच गरजेपोटी नावाजली. तिच्यातल्या दातेरी पट्ट्या १/३२ इंचाच्या, म्हणजे जवळपास ०.८ मिमीच्या, टप्प्यांवर एकमेकींत अडकतात, त्यामुळे कुठलाही टप्पा हवा तेव्हा जसाच्या तसा परत मिळतो. ड्रॉवरच्या कोपऱ्यांना डव्हटेल किंवा बॉक्स जॉइंट करायचे आणि तेही महिनोन् महिने, असे ज्याचे काम आहे, त्याने ती जरूर घ्यावी. तिथे फेन्स प्रत्येक कापाला हलते आणि चूक साठत जाते. पण फळीची कड गोलवणे, पाठीमागची प्लाय बसवायला खाच पाडणे, दाराच्या चौकटीला नक्षी काढणे, या कामांत फेन्स एकदा लावली की सगळ्या फळ्या निघेपर्यंत हलत नाही. शिवाय काप नेमका किती आत गेला हे बिटाच्या व्यासावरही ठरते, आणि बिटाला धार लावून आणली की व्यास कमी होतो. म्हणजे पट्टीवर काहीही दिसो, टाकाऊ तुकड्यावरची चाचणी चुकत नाही. ती करायचीच असेल, तर आधीच्या कामातला एक नीट निघालेला तुकडा खूण म्हणून जपून ठेवणे हे सर्वांत स्वस्त माप.

दुसरा आक्षेप टेबलातल्या खाचेचा. फळीचे टोक आडवे कापताना काटकोनी गेज त्या खाचेतून सरकतो, आणि तेव्हा फेन्स खाचेला समांतर नसेल तर काप फसतो. बरोबर आहे. पण मुळात त्या खाचेची गरज आहे का? गुण्यात तपासलेला एक चौकोनी ठोकळा फळीच्या मागे धरून दोन्ही फेन्सला लावून सरकवले, तर फळी काटकोनात जाते आणि शेवटाला तिची कड फाटत नाही. खाच नसलेले टेबल मजबूतही राहते.

आता प्रत्यक्षात काय पाहायचे. फेन्सचा दर्शनी पृष्ठभाग सरळ हवा आणि टेबलाशी काटकोनात हवा. १०० मिमी उंचीत १ मिमी झुकाव असला तरी २० मिमीच्या फळीच्या कडेवर तो ०.२ मिमी दिसतो, आणि जोडाला तेवढी फट पुरते. फळी उभी धरून काम करायचे असेल तर हाच झुकाव जास्त नडतो, म्हणून उंच फेन्स आधी गुण्याने तपासावी. मग ताठपणा. हाताने दाब द्यायचा तो बिटाजवळ, मधोमध, आणि क्लॅम्प असतात दोन टोकांना. बारीक फेन्स मध्येच मागे वाकते आणि काप मध्यावर खोल जातो. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १८ मिमीच्या दोन प्लाय नीट चिकटवल्या तर ताठपणा एका प्लायच्या आठपट. त्याखाली तळाची पट्टी लावून इंग्रजी एल आकार दिला आणि मागे त्रिकोणी आधार ठोकले, की वाकण्याचा प्रश्न मिटला.

बिटासाठीची जागा फार मोठी ठेवू नये. ८० मिमीच्या बिटासाठी कापलेल्या भोकात १२ मिमीचे बिट लावले, तर फळीचे पुढचे टोक त्या पोकळीत शिरते आणि तिथे अडकते. यासाठी फेन्सचे दर्शनी फळके दोन वेगळ्या तुकड्यांचे असावे, डावे-उजवे सरकवून पोकळी बिटाएवढी करता येईल असे. यातून आणखी एक फायदा होतो. दोन फळ्या जोडण्याआधी कडा सरळ करायच्या, हे रंध्याचे काम राउटर टेबलावर करायचे असेल तर डावे फळके, जिकडून लाकूड बाहेर पडते ते, काढल्या जाणाऱ्या थराएवढे पुढे हवे. आपल्याकडे फर्निचरला लावतात ती सनमायका बहुधा १ मिमीची असते. तिचा तुकडा डाव्या फळक्यावर चिकटवला आणि बिटाची धार त्या पृष्ठभागाच्या रेषेत आणली, की कड १ मिमी काढून सरळ होते.

फेन्सच्या खालच्या कडेला ३ मिमीची खाच किंवा तिरका काप घ्यावा, ही बारीक गोष्ट दुकानातल्या फेन्समध्येही कधी कधी नसते. भुसा त्या खाचेत पडतो. ती नसेल तर फळी आणि फेन्स यांच्यात अडकलेला एक छिलका काप बिघडवायला पुरेसा होतो. मागून भुसा ओढणाऱ्या नळीला जागाही तेवढीच महत्त्वाची, कारण भुसा नाकात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. पोकळीच्या मागे प्लायची छोटी पेटी करून त्यात हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइपाचा तुकडा बसवला की व्हॅक्यूमची नळी लागते.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र विकतच्या फेन्सचा मुद्दा ऐकायला हवा. तिला बिटावर पारदर्शक झाकण असते, घरच्या फेन्सला ते बसवायचे राहून जाते. अ‍ॅक्रिलिकचा तुकडा स्क्रूने लावायला वेळ लागत नाही. न लावणे हा निव्वळ आळस. फेन्स कुठलीही असो, लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचे, म्हणजे बिटाचे फिरणेच त्याला फेन्सकडे ओढते. फेन्स आणि बिट यांच्या मधल्या जागेतून फळी कधीही घालायची नाही. तिथे बिट ती हातातून हिसकावून फेकते. मोठ्या बिटाला वेग कमी ठेवायचा. ८० मिमीचे बिट मिनिटाला २०,००० फेऱ्यांवर सोडले, तर त्याच्या कडेचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जातो.

राहिला प्लाय वाकण्याचा मुद्दा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत एमडीएफ फुगते, प्लाय तुलनेने टिकते, आणि सगळ्या बाजूंनी, कडांसकट, पॉलिश मारले तर आणखी टिकते. तरी वाकलीच, तर उरलेल्या प्लायची दुसरी करता येते. अ‍ॅल्युमिनियम वाकत नाही हे खरे, पण ते साच्यातून सरळच बाहेर येते असे नाही; लांब पट्ट्यांना पीळ असू शकतो. ज्याला अ‍ॅल्युमिनियमचीच घ्यायची आहे त्याने दुकानात तिचा दर्शनी पृष्ठभाग जाड काचेवर, पालथा ठेवून पाहावा. तोच झेरॉक्सचा कागद कुठे आत सरकतो का ते मधोमध आणि दोन्ही टोकांना तपासावे. सरकला, तर दुकानदाराला दुसरी काढायला सांगावी.