कवंदीचे तुकडे, ब्लॉकचे चौरस

बंगळुरूतल्या सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये उरल्यासुरल्या कापडांची गोधडी शिवायला बसणाऱ्यांसाठी उत्तम धडा कर्नाटकातच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात. खाली जुनी साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि तुकड्याची कड दुमडत, धावदोरा घालत कडेकडेने आत सरकायचं. मध्य गाठला की अंग भरलं. कागदावर आराखडा नसतो, कोणत्या रंगाशेजारी कोणता हे शिवता शिवताच ठरतं, आणि तरीही (खरं तर म्हणूनच) कवंदी इतकी देखणी दिसते. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुलं’ मात्र हवीतच. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी वाटते.

याउलट मशीनवर शिवायच्या गोधडीतल्या ब्लॉकला, म्हणजे चौरस जोडून केलेल्या एका भागाला, आधी मोजमाप लागतं. 5 इंचांचे 9 चौरस घेऊन पाव इंच शिलाई ठेवली, तर ब्लॉक 14 इंचांचा होतो. गोधडीत जोडल्यावर साडेतेरा दिसतो.

आधी तीन-तीन चौरसांच्या ओळी शिवाव्यात. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतल्या शिलाया इस्त्रीने डावीकडे वळवाव्यात, मधल्या ओळीतल्या उजवीकडे. ओळी जोडताना या शिलाया एकमेकींना अडतात, जाडी एका जागी साचत नाही आणि चौरसांचे कोपरे नेमके जुळतात.

जुन्या कपड्यांत नवं सुती कापड मिसळायचं असेल तर ते आधी धुऊन घ्यावं. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि शेजारच्या तुकड्यांना चुण्या पडतात.