घडण्याआधीच छापलेला विक्रम

मिकी मँटल या खेळाडूचं १९५२ सालचं एक बेसबॉल कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. तिजोरीत ठेवायच्या असल्या पुठ्ठ्यांत मला रस नाही. मजा आहे ती किरकोळ किमतीच्या कार्डांत, ज्यांच्यावर मैदानावरचा एखादा प्रसंग छापलेला असतो. संग्राहकांचा पैसा धावतो खेळाडूच्या पहिल्यावहिल्या कार्डामागे, त्यामुळे प्रसंगांची कार्डं बहुतेक वेळा मागे राहतात. १९८८ मध्ये ओरेल हर्शायझर या पिचरने सलग ५९ डाव प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव काढू दिली नाही. त्या पराक्रमाचं कार्ड अमेरिकेत कपभर कॉफीच्या पैशांत सहज मिळतं, कारण त्या काळात कार्डांचा नुसता पूर आला होता.

पण माझं लाडकं कार्ड त्याआधीचं, टॉप्स कंपनीच्या १९७४ च्या संचातलं क्रमांक १. अडीच बाय साडेतीन इंचांचा पुठ्ठा. त्यावर हँक आरन, आणि तो होमरनचा नवा सार्वकालिक सम्राट असल्याची घोषणा. होमरन म्हणजे साधारण आपला षटकारच. बेब रूथचा ७१४ होमरनचा विक्रम १९३५ पासून अबाधित होता.

गोम अशी, की कार्ड छापलं तेव्हा आरन सम्राट झालेलाच नव्हता! १९७३ चा हंगाम संपला तेव्हा तो ७१३ वर होता. बरोबरीलाही एक कमी. पूर्वी कार्डं हंगामभर टप्प्याटप्प्याने निघत. १९७४ ला टॉप्सने सगळी ६६० एकदम काढली, म्हणजे छपाई खेळ सुरू होण्याआधीच. हिवाळाभर त्या कृष्णवर्णीय खेळाडूला ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. इकडे बबलगमच्या गुलाबी वडीबरोबर, तिच्या पिठीचे डाग अंगावर घेत, त्याचा राज्याभिषेक पाकिटात बंद झाला होता. ८ एप्रिलला अटलांटात त्याने ७१५ वा होमरन मारला आणि कार्ड खरं ठरलं.

पुढच्या पाच कार्डांवर आरनची १९५४ ते १९७३ ची जुनी कार्डं चार-चार करून छापली आहेत. कार्डांवर कार्डं! त्यांपैकी १९५७ च्या मूळ कार्डाची निगेटिव्ह उलटी लागली होती, त्यामुळे उजव्या हाताने खेळणारा आरन त्यात चक्क डावखुरा दिसतो. आपल्याकडे ज्यांनी बबलगममधली क्रिकेटची चित्रं जमवली, ते अशी चूक सापडल्यावरचा आनंद ओळखतील.

आणि याच संचात टॉप्सने दुसरंही भविष्य वर्तवलं होतं. सॅन डिएगो पाद्रेस हा संघ वॉशिंग्टनला जाणार अशी हवा होती. कंपनीने पंधरा कार्डांवर ‘वॉशिंग्टन’ छापूनही टाकलं. तेवढ्यात मॅकडोनाल्ड्सवाल्या रे क्रॉकनी संघ विकत घेतला आणि तो जिथल्या तिथे राहिला. विली मकोवीसारखा नामांकित खेळाडू कधीच अस्तित्वात न आलेल्या संघाचा सदस्य होऊन बसला. मग कंपनीने सॅन डिएगोची दुरुस्त कार्डं काढली, तरी चुकलेली काही पाकिटांतून केव्हाच घरोघरी पोचली होती.

वॉशिंग्टनला संघ मिळाला, पण २००५ साली. तोही सॅन डिएगोचा नाही, माँट्रिअलहून आलेला.