वर जाणं सोप्पं, बॉस… उतरायचं कसं?

मे महिन्यात चार दिवस सुट्टी टाकली, तेव्हा ऑफिसमधल्या पब्लिकला वाटलं, हा चालला आंबे खायला! आंबे तर होतेच. पण तुतारी एक्स्प्रेसमधून संगमेश्वर रोडला उतरलो तेव्हा पाठीवर स्केटबोर्ड होता आणि डोक्यात एकच किडा… ॲक्सल स्टॉल.

हे काय प्रकरण? रॅम्पवर वेगात चढायचं, वरच्या कडेला बसवलेल्या पाइपवर (त्याला कोपिंग म्हणतात) बोर्ड टेकवायचा, क्षणभर थांबायचं आणि परत खाली यायचं. बोर्डखाली चाकं धरणारे दोन धातूचे ट्रक असतात, ते दोन्ही पाइपवर बसले की झाला ॲक्सल स्टॉल. ना उंच उडी, ना हवेत गिरकी. दिसायला इतकं सोपं की कुणीही फसावं.

गेल्या वर्षी मीही फसलो होतो. मुंबईत एका मित्राच्या रॅम्पवर मनगट मोडून घेतलं आणि दीड महिना एका हाताने टायपिंग. प्लास्टर निघालं, भीती नाही निघाली. म्हणून म्हटलं, आता गावच्या खळ्यातच शिकू. हसायला निदान घरचेच लोक असतील.

रॅम्पचं काम काकांनी अंगावर घेतलं. खिळ्याला सहा फुटांची दोरी, दोरीच्या टोकाला पेन्सिल, आणि प्लायवर मस्त चाप काढला. उंची फक्त दोन फूट. वरून पातळ प्लायचे दोन थर वाकवून ठोकले, मागे उभं राहायला फळ्यांचा माचा केला, कडेला नळाच्या कामातून उरलेला दोन इंची जीआय पाइप. पाइप प्लायच्या जेमतेम पाव इंच वर यायला हवा. कमी आला तर ट्रक बसल्याचं पायाला कळत नाही, जास्त आला तर चाकं अडकतात. नुसत्या जांभ्यावर ही चाकं धावत नाहीत, पण खळ्यातला सिमेंटचा कोबा म्हणजे हायवेच! समोर तुळशी वृंदावन. आजीची अट एकच, तुळशीला धक्का लागता कामा नये.

या स्टॉलचं माहेर कॅलिफोर्निया. सत्तरच्या दशकात तिथे दुष्काळ पडला, बंगल्यांचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि पोरं कुंपणावरून उड्या मारून त्यांत बोर्ड घेऊन शिरली. तलावाचा काठ म्हणजेच पहिलं कोपिंग. तिथून हा खेळ २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला पोहोचला आणि जपानच्या मोमिजी निशियाने तेराव्या वर्षी स्ट्रीट प्रकारात सुवर्ण नेलं. लांब कशाला, आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात महाराष्ट्राला सुवर्ण दिलं. मी एकोणतीस वर्षांचा. असो!

पहिल्या दिवशी फक्त चढणं आणि कडेपाशी वळून परतणं. दुसऱ्या दिवशी स्टॉल. थोडं तिरकं चढायचं, मागचा ट्रक पाइपवर गेल्याचा ‘टक’ आवाज आला की पुढचाही टेकवायचा. टाचा माच्याकडे, पायाची बोटं रॅम्पच्या उताराकडे. इथे सगळे एकच घोळ घालतात, घाबरून उताराकडे झुकतात आणि बोर्ड निसटतो. वजन माच्यावर हवं, जणू मागे खुर्ची आहे आणि आपण तिच्यावर टेकतोय. दुपारपर्यंत जमलं! काकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मी तिथेच उभा. सॉलिड टरकली होती.

कारण मनगट मोडलं होतं ते उतरतानाच. उतरायचं तर मागच्या पायाने बोर्डची शेपटी दाबायची, पुढची चाकं उचलून नाक उताराकडे फिरवायचं आणि मग सगळं वजन पुढच्या पायावर, खाली, जिथे जायला अंग नको म्हणतं तिथेच टाकायचं. अर्धवट टाकलं तर मागचा ट्रक पाइपला अडकतो आणि बोर्ड वरच राहून आपण एकटेच खाली येतो. त्या दिवशी मी अकरा वेळा स्टॉल केला आणि अकरा वेळा माच्यावर पाय टाकून सभ्य माणसासारखा चालत उतरलो.

ओट्यावर बसून आजी सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, “अरे मेल्या, इतक्यांदा वर जातोस, एकदा तरी तिथनं खाली ये की!”

तिसऱ्या दिवशी काकांनी हात धरला. पहिल्या चार वेळा घट्ट, पाचव्यांदा नुसती दोन बोटं. मग चहा आणायला म्हणून आत गेले (मुद्दामच, आता कळतंय). हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड आणि मनगटाचे गार्ड, सगळं परत एकदा आवळलं. हे नसेल तर या भानगडीत पडूच नका, प्लीज. चढलो. टक. टक. थांबलो. नाक फिरवलं आणि पुढचा पाय दाणकन दाबला.

पोटात गोळा आला, चाकं खडखडली आणि मी खळ्यात. उभा! ओरडण्याच्या नादात ब्रेक मारायचं विसरलो आणि तुळशीपासून हातभर अंतरावर बोर्डवरून उडी टाकली.

काका कप घेऊन दारात आले, म्हणाले, “पाहिलं नाही. परत कर.”

सात वेळा केला. दोनदा आपटलो. पाऊस लागायच्या आत रॅम्प ताडपत्री गुंडाळून गोठ्यात गेलाय, प्लाय भिजला की फुगतो ना. आता थेट दिवाळीत भेट.