वीस मिनिटांत वीस लाख नोंदी

महाड एमआयडीसीत सकाळच्या पाळीला कंपनीच्या गेटवर थोडा वेळ उभं राहा. थंब लावायच्या आधी माणूस अंगठा सदऱ्याला पुसतो. पिंपं, गोण्या, रसायनं हाताळून रेषा झिजलेल्या असतात. मशीन घेत नाही. तो पुन्हा पुसतो, पुन्हा टेकवतो.

हाच अंगठा त्याने आधारलाही दिलेला असतो. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारमधल्या टेंभलीत दिला गेला. १२ अंकांतला पहिला ० किंवा १ नसतो, शेवटचा नुसता पडताळणीचा. तरीही ८,००० कोटी वेगवेगळे क्रमांक होतात. देशातल्या माणशी पन्नासाहून जास्त! त्याऐवजी वापरायचा १६ अंकी व्हर्च्युअल आयडी तर हवा तेव्हा नवा काढता येतो. अंगठे मात्र दोनच.

आता आभासी जगाचा चष्मा घ्या. आग लागली, वायू सुटला तर काय करायचं, याचा सराव तो लावून करता येतो आणि रसायनांच्या वसाहतीत असा सराव हवाच. पण मान किती वळली, हात कुठे गेला, हे सगळं चष्मा टिपत असतो. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला: २० मिनिटांत जवळपास २० लाख नोंदी. महाड ज्यात येतं, त्या अख्ख्या रायगड जिल्ह्याची माणसं २०११ च्या जनगणनेत २६ लाख होती. आठ तासांच्या पाळीला याच दराने एकट्या माणसाच्या ४ कोटी ८० लाख नोंदी होतील.

त्यावरून माणूस ओळखता येतो का? येतो. २०२३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी एका आभासी खेळाचे ५५,५४१ खेळाडू तपासले, म्हणजे महाड शहराच्या साधारण दुप्पट माणसं. डोक्याच्या आणि हातांच्या १०० सेकंदांच्या हालचालीवरून नेमका खेळाडू ९४ टक्क्यांहून अधिक वेळा सापडला. नाव नको, चेहरा नको.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीच्या २०२३ च्या कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण त्यात शरीराच्या माहितीला वेगळा दर्जा नाही, आणि नोकरीच्या कामासाठी ती वापरायला मालकाला कामगाराची संमतीही लागत नाही. ही मोठी उणीव आहे.

म्हणून कामगार संघटनांना कळकळीची विनंती: चष्मा डोक्यावर चढण्याआधी नोंदी कोण ठेवणार, किती दिवस ठेवणार आणि कधी पुसणार, हे करारात लिहून घ्या. कंत्राटी कामगारांसाठीसुद्धा.